पेशंट म्यूटवर आहे

करोनाच्या काळात महाराष्ट्रात दोन गोष्टींचं अमाप पीक आलं: काढ्यांच्या कृती आणि गूगल फॉर्म. काढा एकदा घशाखाली उतरला की विषय संपायचा. फॉर्मचं तसं नव्हतं. एक भरून होतोय न होतोय तोच दुसरा हजर. त्यातही डॉक्टरकी आणि नर्सिंग शिकणाऱ्या पोरांच्या वाट्याला आलेले फॉर्म बहुतेक एकाच जातकुळीचे. वर ठळक अक्षरांत ‘ऑनलाइन शिक्षणाविषयी विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन’, खाली पंधरा-वीस विधानं आणि प्रत्येक विधानापुढे पाच गोल: पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत. ही पाच गोलांची सोय रेन्सिस लिकर्ट नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1932 साली करून ठेवली. माणसाच्या मनात काय आहे ते पाच पायऱ्यांत मोजता येतं, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी आमचा पुतण्या पाहिला नव्हता.

पुतण्या तेव्हा एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला. मार्च 2020 मध्ये हॉस्टेल रिकामं करायला सांगितलं, तसा तो बॅग, स्टेथोस्कोप आणि न धुतलेले कपडे घेऊन नाशिकला आमच्या घरी दाखल झाला. जूनमध्ये प्रवासाला जराशी मोकळीक मिळाल्यावर माझी भाची आली. ती बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कळवण तालुक्यातल्या तिच्या गावात रेंज फक्त मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर यायची, तीही वरून तिसऱ्या पायरीवर. पाऊस सुरू झाल्यावर त्या पायरीवर बसून शिकणं अशक्य, म्हणून बहिणीने तिला मामाकडे धाडलं. दोघांचंही विद्यापीठ एकच, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. ते आमच्याच गावात दिंडोरी रोडवर आहे, घरापासून रिक्षाने जाता येतं. इतक्या जवळच्या विद्यापीठाचं शिक्षण इतक्या लांबून घेणारं आमचं घर बहुधा एकमेव असावं.

तर तो फॉर्म. पुतण्याने तो मेडिसिनच्या लेक्चरला बसल्या बसल्या, एका हाताने पोहे खात भरला. ‘ऑनलाइन वर्गात माझे लक्ष पूर्णपणे एकाग्र होते’ या विधानापुढे त्याने ‘पूर्णपणे सहमत’ला टिचकी मारली आणि मला म्हणाला, “काका, शेव आहे का?” पुढची सगळी विधानं त्याने न वाचता ‘तटस्थ’ केली. भाचीचं उलट. तिने प्रत्येक विधान दोनदा वाचलं आणि शेवटी मलाच विचारलं, “मामा, असहमत लिहिलं तर मॅडमना वाईट नाही ना वाटणार?” शंका रास्त होती. ‘आपली ओळख गुप्त ठेवली जाईल’ असं फॉर्मवर लिहिलेलं होतं आणि त्याखाली पहिलाच रकाना रोल नंबरचा होता.

हे फॉर्म निघत कशासाठी, तेही सांगायला हवं. वैद्यकीय प्राध्यापकांना बढतीसाठी शोधनिबंध लागतात. एरवी ते पेशंटवर करतात. पण त्या वर्षी पेशंट पीपीई किटच्या पलीकडे होता आणि शेकड्याने हाताशी लागणारा एकच प्राणी उरला होता, विद्यार्थी. तोही घरी बसलेला, आणि ‘फॉर्म भरल्याशिवाय हजेरी लागणार नाही’ या एका ओळीत वठणीवर येणारा.

खरं पाहता वैद्यकशास्त्राला अंतराचं मुळीच वावडं नाही. 1816 साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरांना एका तरुण बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला. त्यांनी कागदाची सुरळी केली, तिचं एक टोक पेशंटच्या छातीवर ठेवलं आणि दुसरं आपल्या कानाला. स्टेथोस्कोप हा असा डॉक्टर आणि पेशंट यांच्यात वीतभर अंतर ठेवण्यातून जन्मला. पुढच्या दोनशे वर्षांत ते अंतर वाढत गेलं. 25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि नेमक्या त्याच दिवसाची तारीख घेऊन टेलिमेडिसिनची सरकारी मार्गदर्शक तत्त्वंही आली. म्हणजे डॉक्टरांनी फोनवरून तपासणं आणि पोरांनी फोनवरून शिकणं, दोन्हींचा मुहूर्त एकच.

शिकवणाऱ्यांची त्या काळात जी त्रेधा उडाली तिला तोड नाही. आयुष्यभर पोटं उघडून शिवणारे सर्जरीचे सर ‘शेअर स्क्रीन’ला हात लावताना थरथरायचे. त्यांच्या मागे त्यांचा आठवीतला मुलगा उभा असायचा आणि ऑपरेशन थिएटरमधल्या थाटात सर त्याच्याकडे न बघता म्हणायचे, “पुढची स्लाइड.” झूम फुकट वापरलं की चाळीस मिनिटांनी मीटिंग तुटते. सरांची गाडी नेमकी अडतिसाव्या मिनिटाला मुद्द्यावर यायची. हर्निया बाहेर आलेला असायचा आणि मीटिंग बंद. नवी लिंक येऊन पोरं परत गोळा होईपर्यंत तो तसाच लोंबत राहायचा.

एकदा मी आतल्या खोलीतून ऐकलं. सरांनी विचारलं, “पेशंट पोटात दुखतंय म्हणून आलाय. तुम्ही सर्वांत आधी काय कराल?” शंभर चौकोनांत चिडीचूप. अखेर एक आवाज आला, “आई, मला दोनच पोळ्या.” सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “छान. पण आधी हिस्टरी घ्या.”

पोरांना हे शिक्षण मनापासून आवडलं, त्याचं खरं कारण कुठल्याच फॉर्ममध्ये विचारलेलं नव्हतं. कारण एकच: वॉर्डातला प्रश्न टळला. वॉर्डात सर पेशंटच्या उशाशी उभे राहून सगळ्यांदेखत विचारतात, “बोला, लिव्हर किती बोटं लागतंय?” पोराला घाम फुटतो, नर्स तोंड फिरवून हसते आणि पेशंटलाच त्याची दया येते. स्क्रीनवर ही भानगड नाही. प्रश्न आला की “सर... आवाज... तुटतोय...” एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. प्रश्न विचारताच सुरू होणारा आणि हजेरी पुकारताच खडखडीत बरा होणारा असा आजार वैद्यकाच्या पुस्तकांत तोवर नव्हता. 2020 मध्ये त्याची साथ आली आणि तिच्यावरची लस अजून निघालेली नाही. नव्या अभ्यासक्रमाला थिअरीत 75 टक्के आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी लागते. मुलं चॅटमध्ये ‘प्रेझेंट सर’ टाकून परत झोपत, तेव्हा टक्केवारी कधी नव्हे इतकी देखणी झाली होती.

पुतण्याला दोन गुरू होते. एक कॉलेजचे सर आणि दुसरे ॲपवरचे सर. पीजीच्या प्रवेश परीक्षेसाठी हजारो रुपये भरून घेतलेली ही ॲपं लॉकडाऊनच्या आधीपासूनच हॉस्टेलात ठाण मांडून होती. लॉकडाऊनने फक्त दोन्ही गुरूंना एकाच टेबलावर आणलं. लॅपटॉपवर कॉलेजचे सर म्यूट, मोबाईलवर ॲपचे सर दुप्पट वेगाने. हजेरी एकाकडे, ज्ञान दुसऱ्याकडे. ‘टू एक्स’वर ऐकायची सवय इतकी मुरली, की कॉलेज पुन्हा सुरू झाल्यावर आठवड्याभराने त्याचा फोन आला. “काका, आमच्या सरांची काळजी वाटते. फार सावकाश बोलतात हो. थायरॉइड तपासायला पाहिजे त्यांचं.” सरांचा थायरॉइड उत्तम होता. ते फक्त ‘वन एक्स’वर होते.

भाचीच्या शिक्षणाला दुप्पट वेगाची सोयच नव्हती. अंथरूण दुप्पट वेगाने घालता येतं, पण मॅडम ते परत उकलायला लावतात. योगायोग असा, की जागतिक आरोग्य संघटनेने 2020 हे वर्ष परिचारिका आणि सुईणींचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. 12 मे रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला दोनशे वर्षं झाली. एरवी कॉलेजात पांढऱ्या गणवेशात, हातात दिवा घेऊन शपथ होते. भाचीने ती देवळाच्या त्या तिसऱ्या पायरीवर बसून, मारुतीपुढचं निरांजन हातात धरून घेतली. मध्येच वाऱ्याने वात विझली आणि रेंजही गेली, त्यामुळे शपथ नेमकी कुठवर झाली हे तिलाही ठाऊक नाही. सेवेत मात्र त्यामुळे काही कमी पडलेलं दिसलं नाही.

ती सेवा आमच्या घरी माझ्या आईच्या वाट्याला आली. आईची ऐंशी उलटलेली. नर्सिंगच्या प्रॅक्टिकलला लागणारा पेशंट, पुतळा आणि परीक्षक हे तिन्ही रोल तिने एकटीने केले. पहिला धडा ‘ऑक्युपाइड बेड’चा, म्हणजे पेशंट झोपलेला असतानाच त्याच्याखालची चादर बदलायची. हॉस्पिटलात यासाठी रबरी मॅकिंटॉश असतं. इथे डायनिंग टेबलावरचा प्लॅस्टिकचा, द्राक्षांचं चित्र असलेला टेबलक्लॉथ आला. मोबाईल कपाटाच्या मुठीला ओढणीने बांधला, मॅडम पडद्यावर आल्या आणि सुरुवात झाली.

“आजी, आता डाव्या कुशीवर वळा.”

“मला उजव्या कुशीवर बरं वाटतं.”

“पण आजी, मॅडमना दिसायला पाहिजे.”

“मग मॅडमना सांग, त्या बाजूला येऊन बसा.”

चादरीचा कोपरा गादीखाली 45 अंशांत दुमडायचा असतो. सोलापुरी चादर अशा शिस्तीला जुमानत नाही. भाचीने तो कोपरा चार वेळा घातला आणि चारही वेळा मॅडम म्हणाल्या, “सुरकुती दिसते.” पाचव्यांदा आई कुशीवरूनच ओरडली, “अहो बाई, सुरकुती माझी दिसत असेल!” त्यावर मॅडम हसल्या आणि कोपरा पास झाला.

मग ब्लडप्रेशर. दंडाला पट्टा बांधायचा, हवा भरायची, कोपराच्या आतल्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवायचा आणि हवा सोडताना पहिला ठोका कधी ऐकू येतो, तो कधी नाहीसा होतो, हे टिपायचं. हे ठोके निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरने 1905 साली सांगितले. त्यांना ते मोबाईलवरून ऐकवायचे नव्हते, हे त्यांचं नशीब. मॅडमनी विचारलं, “आवाज आला का?” भाची म्हणाली, “हो मॅडम.” “कसला आवाज आला?” “तुमचा, मॅडम.” पोरीचं खोटं नव्हतं. ज्या कानात ठोका यायचा त्याच कानात मॅडम होत्या.

इंजेक्शनचा सराव संत्र्यावर झाला. स्नायूत द्यायचं तर सुई 90 अंशांत, कातडीखाली 45, कातडीच्या आत जेमतेम 10 ते 15 अंश. हे कोन भाचीने इतके घोटले, की आठवडाभर आमच्याकडे फोडलेल्या प्रत्येक संत्र्यातून मिठाचं पाणी निघायचं. आई म्हणाली, “याला काय झालं होतं गं?”

सगळ्यात बहार केअर प्लॅनमध्ये. नर्सिंगच्या वहीत पेशंट स्वतः सांगतो ती माहिती एका रकान्यात लिहायची आणि नर्सला दिसतं ते दुसऱ्यात. मग निदान, उद्दिष्ट, उपाय आणि शेवटी मूल्यमापन. भाचीची वही मी चोरून वाचली. पहिल्या रकान्यात होतं: ‘पेशंट म्हणते, मला काही झालेलं नाही, मला टीव्ही बघू दे.’ दुसऱ्यात: ‘पेशंट दुपारी जागी, रात्री अकराला चहा मागते.’ निदान: ‘झोपेच्या पद्धतीत बिघाड’, आणि त्याचं कारण म्हणून लिहिलेलं, ‘घरात चालू असलेले ऑनलाइन वर्ग’. मूल्यमापनात एकच ओळ: ‘उद्दिष्ट अंशतः साध्य. पेशंटने रिमोट दिला नाही.’

हे सगळं पुतण्या शेजारच्या खोलीतून ऐकत होता. त्यालाही सुरसुरी आली. बोटाने ठोकून छातीत हवा आहे की पाणी हे ओळखायची पद्धत लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी 1761 साली पुस्तकात मांडली. त्यांच्या वडिलांची खानावळ होती आणि पिंप ठोकून त्यातली दारू कुठवर आहे हे बघायची तिथे रीत होती. पुतण्याने आधी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर हात साफ केला. टाकी निम्मी भरल्याचं निदान अगदी अचूक निघालं. मग तो आजीच्या पाठीकडे वळला. आईने दोन टिचक्या सोसल्या आणि मागे वळून विचारलं, “टरबूज घ्यायला आलायस का?” तिचा निकाल त्याच संध्याकाळी लागला. “हा जे काही विचारायचं ते लॅपटॉपला विचारतो. ही मला विचारते.” पाच गोलांच्या सर्व फॉर्मांतून एवढी नेमकी गोष्ट निघाली असती तर बऱ्याच लोकांची बढती सार्थकी लागली असती.

इथे हसणं जरा बाजूला ठेवायला हवं. भाचीला मामा होता, मामाकडे वाय-फाय होतं. तिच्या वर्गातल्या कित्येक मुलींच्या घरी फोन एकच, तोही आधी वडिलांचा, मग भावाचा, आणि उरलाच तर तिचा. डेटा रोजचा दीड जीबी, तो दोन लेक्चरांत खलास. त्यात ‘घरीच आहेस ना’ या तीन शब्दांखाली पोरीला भाकऱ्या, धुणी, कांद्याची निंदणी सगळं लागू होतं. कोकणात रेंजसाठी डोंगरावर खोपटं बांधून अभ्यास केल्याच्या बातम्या आपण कौतुकाने वाचल्या. खोपट्याचं कौतुक झालं, टॉवरची चौकशी कुणी फारशी केली नाही.

आणि तो फॉर्म? तो ऑनलाइन. ज्यांना रेंज होती त्यांनी तो भरला आणि ऑनलाइन शिक्षण बरं चाललंय असं कळवलं. ज्यांना रेंज नव्हती त्यांचं मत मोजणाऱ्यांपर्यंत पोचलंच नाही. नाइटिंगेलबाई दिवा घेऊन फिरल्या हे सगळ्यांना माहीत असतं. त्या आकडेशास्त्रातही पक्क्या होत्या आणि लंडनच्या सांख्यिकी संस्थेत सदस्य म्हणून घेतलेल्या पहिल्या महिला होत्या, हे कमी लोकांना माहीत असतं. हा फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला असता, तर भरलेल्या फॉर्मांकडे बघायच्या आधी त्यांनी विचारलं असतं, न भरलेले कुठायत?

पुढे काळाने पुतण्याचा चांगलाच सूड घेतला. 3 मे 2021 रोजी, दुसरी लाट ऐन भरात असताना, केंद्र सरकारने ठरवलं की एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या देखरेखीखाली सौम्य करोना पेशंटांना फोनवरून सल्ला द्यायला आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला बसवता येईल. पुतण्या तोवर शेवटच्या वर्षाला आलेला. ज्याने फोनवर शिकून घेतलं त्यालाच आता फोनवर तपासायचं होतं. पहिलाच फोन एका आजोबांचा. इकडून हा विचारतोय, “ऑक्सिजन किती दाखवतंय?” आणि तिकडून आजोबा, “डॉक्टर... आवाज... तुटतोय...” वर्षभर सरांना जे ऐकवलं ते त्याने त्या दिवशी व्याजासकट ऐकलं. फरक एवढाच, की आजोबांचं खरोखर तुटत होतं. आमचा हजरजबाबी पोरगा त्या रात्री जेवायला आला नाही. आजोबांना दर दोन तासांनी फोन लावत बसला, आणि त्यांच्या सुनेने “ब्याण्णवचे पंचाण्णव झाले” असं सांगितलं तेव्हाच उठला.

ऑनलाइन की वॉर्ड, या वादाचा सरकारदरबारी निकाल नंतर लागला. फेब्रुवारी 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने चीनमधल्या विद्यापीठांच्या निमित्ताने बजावलं, की निव्वळ ऑनलाइन केलेलं वैद्यकीय शिक्षण आपल्याकडे चालणार नाही. त्याच महिन्यात युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि हजारो मुलं अर्धवट शिक्षण घेऊन परत आली. त्यांत महाराष्ट्रातलीही पुष्कळ होती. त्यांचे वर्ग स्क्रीनवर चालू राहिले, पण वॉर्ड स्क्रीनवर मावेना. आता तर गंमत अशी, की मे 2025 पासून वैद्यकीय कॉलेजच्या प्राध्यापकांनाच हजेरीसाठी रोज मोबाईलच्या कॅमेऱ्याला तोंड दाखवावं लागतं. पोरांनी वर्षभर कॅमेरा बंद ठेवला त्याची भरपाई सर करताहेत.

पोरांना आज विचारलंत तर उत्तर मिळतं, ते साधारण असं: सकाळी आठचं लेक्चर ऑनलाइन हवं, परीक्षा शक्यतो ऑनलाइन हवी, आणि स्वतःच्या आईला तपासणारा डॉक्टर मात्र वॉर्डात घासून तयार झालेला हवा. यात विसंगती नाही. पुस्तकातलं ऐकून येतं, ते घरी बसून दुप्पट वेगानेही येतं. प्लीहा कुठे लागते, शीर कुठे सापडते, घाबरलेल्या माणसाचा हात कसा धरायचा, हे हाताने केल्याशिवाय येत नाही. विल्यम ऑस्लर यांनी, आपण विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवलं एवढंच आपल्या थडग्यावर लिहावं, अशी इच्छा सांगून ठेवली होती. झूमवर शिकवल्याचं थडग्यावर लिहा असं म्हणणारे सर मला अजून भेटायचे आहेत.

भाची आता नाशिकमध्येच स्टाफ नर्स आहे आणि तिच्या चादरीच्या कोपऱ्यावर एक सुरकुती शोधून दाखवायची माझी पैज आहे. पण तिला पहिल्यांदा हात द्यायला घरात एक आजी होती. सगळ्यांना ती नसते. तेव्हा पुढच्या वेळी सरकारी दवाखान्यात नवा कोरा गणवेश घातलेली एखादी मुलगी तुमच्या दंडाला पट्टा बांधायला आली, तर ‘शिकाऊ नको, मोठ्या सिस्टरना बोलवा’ असं म्हणू नका. बाही वर करा आणि हात पुढे करा. पहिल्यांदा ठोका सापडला नाही आणि तिने परत हवा भरली, तरी हात मागे घेऊ नका. तिच्या शिक्षणातला जो भाग डाउनलोड होत नाही, तो तेवढा तुमच्याकडे आहे.